पासष्ट सालचा आवाज

जॅझ आणि रॉक यांची गाठ कुठे पडली असे विचारले, की जाणकार बहुतेक वेळा एकच तारीख आणि एकच पत्ता सांगतात. १९६९ चा ऑगस्ट, न्यूयॉर्क, कोलंबिया कंपनीचा बावन्नाव्या रस्त्यावरचा स्टुडिओ. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस तीन दिवस ‘बिचेस ब्रू’चे ध्वनिमुद्रण करतो, पुढच्या वर्षी ती दुहेरी तबकडी बाजारात येते आणि जॅझ-रॉक नावाची पाटी लागते. हकिगत खोटी नाही, पण लंडनची एक तबकडी तिच्यात कुठेच बसत नाही. १९६५ च्या आरंभीच्या महिन्यांत ईएमआयच्या कोलंबिया या छापाखाली (अमेरिकन कोलंबियाशी तिचा संबंध नाही) ‘द साउंड ऑफ ६५’ ही तबकडी निघाली. ग्रॅहम बाँड ऑर्गनायझेशन या चौघांच्या ताफ्याची ही पहिली मोठी तबकडी. बाँड अल्टो सॅक्सोफोन आणि हॅमंड ऑर्गन वाजवायचा आणि गायचाही; डिक हेकस्टॉल-स्मिथ टेनर आणि सोप्रानो सॅक्सोफोनवर, जॅक ब्रूस बासवर, जिंजर बेकर ड्रम्सवर. जॅझ, ब्लूज आणि रॉक यांचे मिश्रण तिच्यात उघडउघड आहे, आणि ती खपली नाही हेही तितकेच उघड आहे. ‘काळाच्या पुढे होती हो’ असे म्हणून तिची बोळवण करायची रीत पडली आहे. हे वाक्य कौतुकाचे वाटत असले तरी त्याने काहीच उलगडत नाही, आणि माझ्या मते ते चूकही आहे. ही तबकडी आपल्या काळाच्या अगदी बरोबरीने चालत होती. तिला कमी पडली ती मिनिटे.

हे पटायचे तर बासष्ट सालचे लंडन आधी पाहावे लागते. बाँडचा जन्म १९३७ चा, एसेक्समधल्या रॉमफर्डचा. बर्नार्डोच्या अनाथालयातून तो दत्तक गेला. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचे नाव ब्रिटनच्या आधुनिक जॅझमध्ये चांगलेच झाले होते. डॉन रेंडेलच्या पंचकाच्या ‘रोअरिन’ या तबकडीवर त्याचा अल्टो ऐकला की त्याचा आवेश कळतो. पण आधुनिक जॅझवर पोट भरत नव्हते. केनी बॉल, अॅकर बिल्क यांच्या पारंपरिक जॅझची लाट १९६१-६२ साली टिपेला होती आणि बीटल्स येताच ती ओसरली. चार्ली पार्करच्या वाटेने जाणाऱ्यांना सोहोतले काही क्लब सोडले तर ठाव नव्हता. नेमक्या त्याच वेळी, १९६२ च्या मार्चमध्ये, अॅलेक्सिस कॉर्नर आणि सिरिल डेव्हिस यांनी ईलिंगमध्ये तळघरातला एक ब्लूज क्लब सुरू केला. तिथे तरुण पोरे दाटीवाटीने उभी राहून, घामाघूम होऊन ऐकत. कॉर्नरच्या ‘ब्लूज इनकॉर्पोरेटेड’मध्ये हेकस्टॉल-स्मिथ, ब्रूस आणि पुढे बेकर शिरले ते याच ओढीने. तिघेही मुळात जॅझचे. ब्रूस ग्लासगोच्या संगीत अकादमीत चेलो शिकलेला. बेकरला फिल सीमन या जॅझ ड्रमरने आफ्रिकी ढोलांच्या ध्वनिमुद्रिका ऐकवून नादावलेले. ताफ्यात भोंगेवाले वाढत चालले हे ब्लूजचा कट्टर उपासक असलेल्या डेव्हिसला रुचेना. तो बाहेर पडला आणि त्याच्या जागी बाँड आला. जॅझ आणि ब्लूज यांचा संसार कुणी सिद्धांत मांडून थाटलेला नाही. वाजवणाऱ्यांना श्रोते हवे होते, श्रोत्यांना नाचायला ताल हवा होता आणि क्लबवाल्याला दाराशी रांग हवी होती. त्या वर्षांतल्या प्रयोगशीलतेविषयी आज जे लिहिले जाते, त्यात या साध्या हिशेबाचा उल्लेख क्वचितच येतो.

१९६३ च्या सुरुवातीला बाँड, ब्रूस आणि बेकर या तिघांनी मँचेस्टरला स्वतंत्र कार्यक्रम केला आणि तो जोरात झाला. तिथून परतल्यावर बाँडने कॉर्नरकडे राजीनामा दिला, तोही तिघांचा, उरलेल्या दोघांना न विचारता, असे सांगतात. बाँडचा एकंदर स्वभाव पाहता हे अगदी शक्य वाटते. लवकरच जॉन मॅक्लॉक्लिन नावाचा एक तरुण गिटारवादक चौथा म्हणून आला. त्याचे नाव पुढे पुन्हा घ्यावे लागेल. या चौकडीने १९६३ सालीच डफी पॉवर या गायकाला साथ करून बीटल्सच्या ‘आय सॉ हर स्टँडिंग देअर’ची एक खरखरीत ब्लूजी आवृत्ती पार्लोफोनसाठी मुद्रित केली. पॉपच्या बाजारपेठेशी त्यांचे वावडे नव्हते हे यावरून दिसते. मॅक्लॉक्लिन फार दिवस टिकला नाही. त्याच्या जागी हेकस्टॉल-स्मिथ आला, आणि गिटार नसलेला, दोन सॅक्सोफोन, ऑर्गन, बास आणि ड्रम्स असा एक विचित्र ताफा उभा राहिला. रॉकचा ताफा आणि गिटार नाही, हे १९६४ साली जवळजवळ ऐकिवात नव्हते. त्यामुळे जे काम एरवी गिटार करते ते करायची पाळी ऑर्गनवर आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बासवर आली. ब्रूस उभा बास सोडून विजेच्या बासकडे वळला तो याच काळात. नुसते मूळ स्वर टाकत राहण्याऐवजी तो मध्येच गाण्याच्या अंगाने वर चढायचा. बेकरला ते आवडत नसे आणि दोघांची भांडणे व्यासपीठावरही होत.

हॅमंड ऑर्गनकडे जरा जवळून पाहू, कारण बाँडच्या मिश्रणाचा अर्धा जीव त्या लाकडी पेटीत होता. लॉरेन्स हॅमंड याने तो १९३५ साली अमेरिकेत बाजारात आणला, पाइप ऑर्गनचा खर्च न झेपणारी चर्चे हे मुख्य गिऱ्हाईक धरून. आत नळ्या नाहीत, भाते नाहीत. मोटरवर फिरणाऱ्या दातेरी चकत्या असतात (मोठ्या नमुन्यात ९१), प्रत्येकीजवळ एक चुंबक आणि तारेचे वेटोळे, आणि फिरत्या दातांमुळे त्या तारेत उमटणाऱ्या लहरींचा होतो स्वर. समोरच्या दांड्या कमीजास्त ओढून हे स्वर एकमेकांत मिसळायचे. त्याला लेस्ली स्पीकर जोडला की कपाटाएवढ्या खोक्यात वर कर्णा आणि खाली पिंप गरगर फिरू लागते आणि आवाज कधी लाटेसारखा हेलकावतो, कधी थरथरतो. चर्चमधून तो कृष्णवर्णीयांच्या गॉस्पेलमध्ये आणि तिथून जिमी स्मिथच्या हाताखाली जॅझमध्ये आला. ब्रिटनमध्ये हॅमंड आणि लेस्ली ही जोडी रुळवणाऱ्या पहिल्या काही जणांत बाँड होता. व्हॅनमध्ये कोंबता यावा म्हणून त्याने ते धूड दोन भागांत कापून घेतले. डीप पर्पलच्या जॉन लॉर्डने हॅमंडचे बरेचसे ज्ञान आपल्याला बाँडकडून मिळाल्याचे कबूल केले आहे. बाँड एकाच वेळी एका हाताने ऑर्गन आणि दुसऱ्या हाताने सॅक्सोफोन वाजवायचा. याला सर्कस म्हणून नाक मुरडणारे तेव्हाही होते. पण यंत्राकडे पाहा. जॅझचा ऑर्गनवादक सहसा डाव्या हाताने किंवा पायाने बासही सांभाळतो. इथे ते काम ब्रूसकडे असल्याने बाँडचा एक हात मोकळा होता. आणि सॅक्सोफोनच्या चाव्या दोन्ही हातांत वाटलेल्या असल्यामुळे एकट्या डाव्या हाताला मधले मोजकेच स्वर मिळतात. म्हणजे लांबलचक ताना बंद. उरतात ते आखूड, ठोकून बसवलेले तुकडे, पुन्हा पुन्हा. रॉकमध्ये ज्याला रिफ म्हणतात ते हेच. जॅझवाल्याच्या हातातले वाद्य अशा रीतीने, अडचणीपोटी, रॉकची भाषा बोलू लागले.

तबकडीवर चौदा तुकडे आहेत, आणि चौदा या आकड्याकडे मी पुन्हा येणार आहे. सुरुवात मडी वॉटर्सने गाजवलेल्या ‘हूची कूची मॅन’ने. शिकागोची ती चाल ब्रिटनमध्ये त्या वर्षी गल्लोगल्ली वाजत होती. बहुतेक ताफे ती गिटारवर तशीच्या तशी उतरवत. इथे तिच्यातले प्रसिद्ध थांबे दोन सॅक्सोफोन आणि ऑर्गन मिळून भरतात आणि गाण्यात पितळी वजन येते. ‘अर्ली इन द मॉर्निंग’ हे तुरुंगातल्या कैद्यांचे श्रमगीत, ‘वेड इन द वॉटर’ हे गुलामगिरीच्या काळातले भक्तिगीत. या दुसऱ्याच्या तोंडाशी बाँड ऑर्गनवर बाखच्या टोकाटाचा तुकडा वाजवतो आणि मग बेकरचा ताल आत घुसतो. आज हा चातुर्याचा खेळ वाटेल. पण युरोपातल्या चर्चचा ऑर्गन आणि अमेरिकेतल्या गुलामांचे स्तोत्र एका वाद्याच्या इतिहासात खरोखरच शेजारी नांदलेले आहेत, आणि वाजवणाऱ्याला ते ठाऊक असावे. ‘स्पॅनिश ब्लूज’ ही बाँडची स्वतःची वाद्यरचना, तबकडीवरची सर्वांत मोकळी जागा. ‘ओह बेबी’त बेकरला एकट्याने ड्रम वाजवायला वाव दिला आहे. ‘ट्रेन टाइम’मध्ये ब्रूस बास खाली ठेवून माउथ ऑर्गनवर आगगाडी काढतो. आणि शेवटी, अगदी शेवटी, ‘टॅमी’: डेबी रेनॉल्ड्सच्या १९५७ च्या चित्रपटातले गुळगुळीत प्रेमगीत. ते त्याआधी सिंगल म्हणूनही काढले होते, हिट व्हावे एवढ्याच आशेने. झाले नाही. व्यवस्थापक रॉबर्ट स्टिगवुड याला गाणे नव्हे, यश हवे होते. त्यात गैर काही नाही, पण तेरा तुकड्यांनंतर ‘टॅमी’ ऐकताना कान चमकून वर होतात, आणि कौतुकाने खचित नव्हे.

आता ‘काळाच्या पुढे’ या म्हणण्याचा समाचार. तबकडी निघायच्या काही आठवडे आधी, १९६५ च्या जानेवारीत, ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर कोण होते? जॉर्जी फेम आणि त्याचे ब्लू फ्लेम्स. गाणे ‘ये ये’. मूळ चाल माँगो सांतामारियाच्या लॅटिन जॅझ ताफ्यातली, शब्द जॅझ गायक जॉन हेंड्रिक्सचे, आणि फेमचे वाद्य हॅमंड ऑर्गन. हा माणूसही सोहोतल्या क्लबांतलाच. अमेरिकी कृष्णवर्णीय सैनिक आणि वेस्ट इंडीजहून आलेली मंडळी जिथे रात्रभर नाचत त्या फ्लेमिंगोमध्ये त्याने वर्षानुवर्षे वाजवले होते, आणि मॅक्लॉक्लिन काही काळ त्याच्याही ताफ्यात होता. म्हणजे ऑर्गन, सॅक्सोफोन, जॅझची चाल, काळ्या संगीताची चव हे सारे ब्रिटिश पोराटोरांनी नुकतेच डोक्यावर घेतले होते. मिश्रण अपरिचित होते म्हणून बाँड आपटला, हे मग कसे मानायचे? फेम देखणा होता, गळा गोड होता, हे खरे. पण मोठा फरक रचनेत आहे. ‘ये ये’ तीन मिनिटांच्या साच्यासाठीच घडलेले आहे. त्यात सोलो येतो, मान डोलावतो आणि वेळेवर बाजूला होतो. बाँडच्या ताफ्याचे संगीत साठत जाणारे होते. एकच रिफ दहा-वीस वेळा फिरवायचा, प्रत्येक आवर्तनाला आवाज चढवायचा, त्यावर एकाने सुटायचे, मग दुसऱ्याने, आणि श्रोता त्या रेट्याने खेचला जायचा.

याला पुरावा आहे. पश्चिम हॅम्पस्टेडमध्ये रेल्वे हॉटेल नावाच्या पबच्या माडीवर क्लूक्स क्लीक हा क्लब भरत असे आणि डेक्का कंपनीचा स्टुडिओ त्याला अगदी लागून होता, इतका की तारा ओढून क्लबातला कार्यक्रम थेट तिथे मुद्रित करता येई. १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये या चौघांचा कार्यक्रम तिथे मुद्रित झाला. पुढे अनेक वर्षांनी तो बाजारात आला. मुद्रण गचाळ आहे. आवाज फाटतो, गायन मागे राहते, बेकर साऱ्यांना गिळून टाकतो. पण ‘वेड इन द वॉटर’, ‘अर्ली इन द मॉर्निंग’, ‘स्पॅनिश ब्लूज’, ‘ट्रेन टाइम’ ही चारही गाणी त्यात आहेत. माणसे तीच, गाणी तीच, काही महिन्यांचेच अंतर. क्लबात ती पसरतात, श्वास घेतात, चढत चढत जातात आणि माडीवरची गर्दी आरडाओरडा करून त्यांना वर रेटते. तबकडीवर त्यांचा नमुना मिळतो, कापडाच्या दुकानातल्या चिंधीसारखा. चाळीसएक मिनिटांत चौदा तुकडे म्हणजे एकेकाला सरासरीने तीन मिनिटे. ईएमआयने काही दुष्टावा केला असे नाही. पॉपची मोठी तबकडी तेव्हा अशीच असे, सिंगलची गाणी आणि भर घालणारी गाणी एकत्र बांधलेली. जॅझच्या तबकडीला लांबीची मुभा होती, कारण ती थोडी खपणार हे गृहीतच होते. बाँडने जॅझ सोडून पॉपचे दार ठोठावले, आणि दार उघडणाऱ्याने आधी घड्याळ दाखवले.

आखूडपणा हा दोष कसा, असे कुणी विचारील, आणि मराठी श्रोत्याने तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवर जे ठेवले त्यावर दोन पिढ्या पोसल्या. लुई आर्मस्ट्राँगचे वीसच्या दशकातले शिखर तीन-तीन मिनिटांचेच आहे, चार्ली पार्करचेही. आक्षेप वजनदार आहे आणि त्याने माझ्या म्हणण्याला मुरड घालावी लागते. पण या सर्वांच्या कलेचा गाभा एका स्वरवाक्यात मावणारा होता. एक हरकत, एक वळण, आणि राग किंवा चाल उभी. बाँडच्या चौघांपैकी कुणीही पार्कर नव्हता. हेकस्टॉल-स्मिथचा टेनर अंगावर येणारा, दमदार, पण ज्याची एक तान अर्कासारखी बाटलीत भरून ठेवावी असा नव्हे. त्यांची ताकद एकत्रित दाबाची होती आणि दाब वाढायला वेळ लागतो. तबकडीवर जिथे मुळातच आटोपशीर गोष्ट सांगायची आहे तिथे हे लोक उत्तम आहेत. ‘ट्रेन टाइम’ची गाडी स्टेशन सोडते आणि दिसेनाशी होते, आणखी काय हवे? पण ‘स्पॅनिश ब्लूज’ संपते तेव्हा आता कुठे बैठक जमत होती असे वाटते, आणि जमलेली बैठक मोडल्याचा राग येतो.

दुसरा आक्षेप माणसांवरचा. बाँड जाडजूड, वंगणाने चोपडलेल्या केसांचा, मिशा राखणारा. टीव्हीवरच्या किंकाळ्या मारणाऱ्या मुलींना हा चेहरा कसा चालावा? गळाही घोगरा, वरच्या स्वरांत ताणला की सुरातून सरकणारा. बेकर आणि बाँड दोघेही हेरॉइनच्या आहारी गेलेले. बेकरने १९६५ च्या उन्हाळ्याच्या सुमाराला ब्रूसला ताफ्यातून काढूनच टाकले. एवढी कारणे असताना मिनिटांचा हिशेब कशाला, असे म्हणता येईल. यातले काहीही मी नाकारत नाही. पहिली तबकडी निघाल्यावर ताफा वर्ष-दीड वर्षात विसकटला तो माणसांमुळेच. पण दुर्गुण हे कारण असते तर तेच दुर्गुण घेऊन तीच माणसे पुढेही आपटायला हवी होती. तसे झाले नाही. बेकर आणि ब्रूस १९६६ साली एरिक क्लॅप्टनसह ‘क्रीम’मध्ये पुन्हा एकत्र आले. व्यवस्थापक पुन्हा स्टिगवुड. भांडणे चालूच, बेकरचे व्यसनही चालूच. पण १९६७ च्या ऑगस्टअखेरीस सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोरमध्ये त्यांना असे श्रोते भेटले की जे नाचायचे सोडून जमिनीवर बसून ऐकत आणि एकच गाणे पाव तास चालले तरी उठत नसत. त्याच वर्षी अमेरिकेच्या मोठ्या शहरांत एफएम केंद्रांनी एएमचाच कार्यक्रम पुन्हा वाजवण्यावर निर्बंध लागू झाले. रिकामा वेळ भरायला तबकड्यांच्या अख्ख्या बाजू लागू लागल्या. त्याआधी १९६५ सालीच बॉब डिलनच्या सहा मिनिटांच्या सिंगलने घड्याळाचा धाक थोडा कमी केला होता. १९६८ च्या ‘व्हील्स ऑफ फायर’ या दुहेरी तबकडीवर ब्रूसची तीच आगगाडी सात मिनिटे धावते. बेकरचा ‘टोड’ सोळा मिनिटांचा आहे, आणि त्याचे बीज ‘ओह बेबी’त आणि बाँडच्या दुसऱ्या तबकडीवरच्या ‘कॅमल्स अँड एलिफंट्स’मध्ये सरळ सापडते. अमेरिकेत ही तबकडी पहिल्या क्रमांकावर गेली. तीन वर्षांत लोकांचे कान आमूलाग्र बदलले असे मानण्यापेक्षा त्या कानांना आता पूर्ण गोष्ट ऐकू आली असे मानणे मला सोपे जाते. क्लॅप्टनच्या गिटारीचा वाटा मोठा आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण गिटारच सारे काही होती म्हणावे तर ‘टोड’ आणि ‘ट्रेनटाइम’मध्ये ती जवळपास नसतेच.

चौघांपैकी उरलेल्या हेकस्टॉल-स्मिथचा पुरावा याहून सरळ आहे. बेकर गेल्यावर त्याच्या जागी आलेला ड्रमर जॉन हाइसमन आणि तो, दोघांनी पुढे ‘कोलोसियम’ हा ताफा काढला. १९६९ च्या वसंतात निघालेल्या त्यांच्या पहिल्या तबकडीचे पहिले गाणे कोणते? ‘वॉकिंग इन द पार्क’, बाँडची रचना, त्याच्या दुसऱ्या तबकडीवरून उचललेली. ही तबकडी ब्रिटनच्या यादीत चांगली वर गेली, आणि तोवर ‘बिचेस ब्रू’चे मुद्रण व्हायला अजून काही महिने होते.

अमेरिकेचे पारडे मात्र कमी लेखता येणार नाही. पॉल बटरफिल्डच्या ताफ्याची तेरा मिनिटांची ‘ईस्ट-वेस्ट’ १९६६ ची, लॅरी कोरिएल न्यूयॉर्कमध्ये त्याच सुमाराला जॅझ आणि रॉक एकत्र आणत होता, आणि रे चार्ल्सने तर पन्नाशीच्या दशकातच जॅझ, ब्लूज आणि गॉस्पेल यांच्यातल्या भिंती पाडल्या होत्या. बाँड गायनात त्याचीच नक्कल करतो हे कुणालाही ऐकू येईल. तेव्हा ‘पहिला’ हे बिरुद बाँडला चिकटवण्यात मला रस नाही. माइल्स डेव्हिसने त्याची तबकडी ऐकली होती असे म्हणायलाही आधार नाही, आणि माझा मुद्दा त्यावर टेकलेलाही नाही. पण संगीत तबकड्यांतून जसे पसरते तसे माणसांबरोबरही प्रवास करते. १९६९ च्या फेब्रुवारीत ‘इन अ सायलेंट वे’ आणि ऑगस्टमध्ये ‘बिचेस ब्रू’ या दोन्हींवर माइल्सचा गिटारवादक कोण? जॉन मॅक्लॉक्लिन, १९६३ साली बाँडच्या चौकडीत वाजवून गेलेला. त्याच काळात तो ड्रमर टोनी विल्यम्सच्या ‘लाइफटाइम’ या ताफ्यात होता: हॅमंड ऑर्गन, गिटार, ड्रम्स, आणि १९७० मध्ये त्यात चौथा भिडू म्हणून आला जॅक ब्रूस. ऑर्गन, गिटार, बास, ड्रम्स. बासला ब्रूस, गिटारला मॅक्लॉक्लिन. बाँडच्या त्रेसष्ट सालच्या मांडणीतली दोन माणसे तीच, वाद्ये चारही तीच. न्यूयॉर्कमध्ये जे शिजले त्याचा काही मसाला ईलिंग आणि सोहोच्या तळघरांतून गेलेला होता, एवढे तरी यातून ठरते. हाच मॅक्लॉक्लिन पुढे मुंबईत वाढलेला झाकीर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटम् वाजवणारे विनायकराम यांच्यासह ‘शक्ती’ घेऊन आला, आणि तिथे एकेका रचनेला अर्धा तास मिळाला तरी कुणी घड्याळ दाखवले नाही.

राहता राहिला बाँड, आणि माझ्या युक्तिवादातली सर्वांत अडचणीची जागा तोच आहे. दुसऱ्या तबकडीवर, १९६५ च्या अखेरीस, त्याने मेलोट्रॉन वापरला. पट्टी दाबली की आत मुद्रित फितीवरचा स्वर सुमारे आठ सेकंद वाजतो असे हे यंत्र, आणि रॉकमध्ये ते बीटल्सच्याही आधी त्याने आणले. त्यानंतर ताफा मोडला, तो अमेरिकेला गेला, गूढविद्येच्या नादी लागला, आपण गूढवादी अॅलिस्टर क्रॉलीचा मुलगा आहोत असे मानू लागला. चरित्रकार हॅरी शापिरो याने त्याच्या आयुष्यातल्या अतिशय अप्रिय गोष्टीही नोंदल्या आहेत. वाद्यावरच्या प्रेमाने त्या झाकू नयेत. १९७० साली व्हर्टिगोने त्याची ‘होली मॅजिक’ काढली. तिची एक अख्खी बाजू मंत्रपठणासारख्या एकाच सलग रचनेला दिलेली आहे. मिनिटे शेवटी मिळाली होती, हवी तितकी. आणि ती रचना लांबते, भटकते, कुठेच चढत नाही. १९७४ च्या ८ मे रोजी लंडनच्या फिन्सबरी पार्क स्टेशनात भुयारी गाडीखाली तो मेला तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. मिनिटे असली की झाले, असे मला म्हणायचे असते तर ‘होली मॅजिक’ने मला खोटे पाडले असते. मिनिटांबरोबर समोर असा ब्रूस लागतो की जो बासवरून त्याला वर ढकलील, आणि असा बेकर की जो आवर्तनाच्या शेवटी त्याला खाली पाडील. १९७० मध्ये बाँडभोवती तसे कुणी नव्हते. १९६५ मध्ये ते दोघे होते, आणि तेव्हा त्यांच्या वाट्याला तीन मिनिटे आली.